पेन्काबाईंनी तपासलेले डाव

लोकांना गाडी शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. रुसे शहरात असा एकही चढ नाही, जिथे माझ्या कुणा ना कुणा विद्यार्थ्यानं गाडी बंद पाडलेली नाही. अशा वेळी मी एकच वाक्य बोलायचो, "नशिबाला बोल लावू नका. क्लचवर पाय कुणाचा होता?"

आणि हाच मी, दर रविवारी दुपारी चार वाजता संगणकासमोर बसून नशिबाला शिव्या घालायचो.

पोकरचा नाद मला उतारवयात लागला. दोन लेव्हांची स्पर्धा. एक कॉफी आणि चीज भरलेल्या बनित्साचा तुकडा येतो, तेवढ्या पैशांत पाच-सहाशे माणसं खेळायला बसतात. सगळ्यांना सारख्या चिप्स. हातात दोन पानं, ती फक्त आपल्याला दिसतात. मधे पाच पानं उघडतात, ती सगळ्यांची. चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर. मी साधारण पाचच्या आत बाहेर असायचो. मग माझी बायको रुमियाना स्वयंपाकघरातून ओरडायची, "संपलं का रे? मग टोमॅटो चिर."

त्या वर्षी वसंतात माझ्याकडे पेन्काबाई शिकायला आल्या. वय चौसष्ट. काटकुळ्या, ताठ, गळ्यात दोरीला चष्मा. चौतीस वर्षं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होत्या. ते पत्र बंद पडलं आणि बाई घरी बसल्या. त्यांची थोरली बहीण दोना लोम नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात एकटी राहायची, तिचे गुडघे गेलेले. गावाला जाणारी बस आठवड्यातून एकदाच उरली, तेव्हा बाईंनी ठरवलं, गाडी शिकायची. माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका शाळेतून त्या तीनदा परीक्षेत नापास झाल्या होत्या.

एका सोमवारी मी घुश्शातच होतो. सिग्नलला उभे असताना माझ्या तोंडून निघालंच, "काल काय झालं माहितीये? हातात दोन राजे होते माझ्या. दोन राजे! समोरच्याकडे एक्का आणि सत्ती. त्यानं सगळं लावलं, मी भरलं, आणि शेवटचं पान एक्का निघालं. याला नशीब म्हणायचं की काय म्हणायचं?"

मला वाटलं, बाई विचारतील, कसले राजे? बाईंनी समोरची नजर न हलवता विचारलं, "त्यात बाहेर पडलात?"

"नाही. माझ्याकडे थोड्या चिप्स उरल्या होत्या."

"त्यांचं काय केलंत?"

"पुढच्याच डावात लावल्या."

"कशावर?"

"नव्वी आणि चौकी."

"राजे पडले ते कमनशीब," बाई म्हणाल्या. "नव्वी-चौकी ते नाही. मास्तर, हिरवा दिवा लागला."

मागून भोंगे वाजायला लागले होते. बाईंनी गाडी नीट पुढे काढली. मी मात्र तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिलो. पुढच्या वळणावर कळलं ते असं. पत्र बंद पडल्यावर डोक्याला काहीतरी काम हवं म्हणून बाई एका लेव्हाच्या स्पर्धा खेळायला लागल्या. पहिल्या वर्षी धडाधड हरल्या. मग त्यांनी आपल्या चुकांची वही घातली. आता महिन्यातून दोन-तीनदा तरी त्या शेवटच्या नऊ जणांत असायच्या.

"चूक शोधून पोट भरलं मी आयुष्यभर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मजकुरात शोधणं सोपं. स्वतःच्या मजकुरात डोळा चुकीवरून घसरतो, कारण काय लिहायचं होतं ते आपल्याला माहीत असतं. तुमचे डाव आणून द्या. बघते."

खेळलेला प्रत्येक डाव पोकरची साइट शब्दांत लिहून ठेवते, वेळेसकट. मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन सात महिन्यांचे डाव छापून आणले. चांगलं जाडजूड बाड झालं. बाईंना देताना मनात एकच होतं, एकदा बघू द्या यांना, म्हणजे कळेल माझं नशीब किती फुटकं आहे.

त्याच आठवड्यात आम्ही स्टेशनमागच्या चढावर सराव करत होतो. बाईंनी गाडी बंद पाडली. मी ओरडलो. माझं ओरडणं साऱ्या गावाला माहीत आहे. "क्लच! क्लच, पेन्काबाई! पाय आहे की लाकूड?" बाईंनी चावी फिरवली, गाडी पुन्हा बंद. पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा गाडी मागे घसरली आणि मला माझ्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला. बाईंचे कान लाल झाले होते.

शनिवारी त्यांनी मला मिठाईच्या दुकानात बोलावलं. बाड टेबलावर ठेवलं. पानापानावर लाल पेन्सिलीच्या खुणा, समासात बारीक अक्षर. छापायला जायच्या आधी मजकूर तपासतात तसं सगळं तपासलेलं.

"तुम्ही वाईट खेळत नाही," बाई म्हणाल्या. मी खुर्चीत ताठ बसलो. "पहिला अर्धा तास तर माझ्यापेक्षा बरे खेळता. आता या वेळा बघा." त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं. "एकूण एकतीस स्पर्धा. बावीस वेळा एखादा चांगला हात हरल्यावर पाच मिनिटांच्या आत तुम्ही बाहेर आहात. एरवी तुम्ही एका निर्णयाला दहा-बारा सेकंद घेता. हरल्यावर दोन. या दोन सेकंदांत जो खेळतो ना, तो वेगळाच माणूस आहे."

"राग येतो हो," मी म्हणालो. "माणूस आहे मी."

"येऊ द्या की. आणि ही दुसरी खूण. हात हरलाय हे तुम्हाला ठाऊक असतं, तरी समोरच्यानं काय धरलंय ते बघायला तुम्ही पैसे भरता. अठरा वेळा. समोरच्याचं पान बघितल्याशिवाय तुम्हाला चैनच पडत नाही."

मी कॉफी ढवळत राहिलो. ढवळायला त्यात साखरच नव्हती.

मग बाईंनी पिशवीतून एक छोटी वही काढली. "ही माझी. गाडीची." त्यात तारखा होत्या, रस्त्यांची नावं होती आणि पुढे चुका. "बुधवारी चढावर पहिल्यांदा गाडी बंद पडली ती माझी चूक. क्लच लवकर सोडला. त्यानंतर तुम्ही ओरडलात. पुढच्या दोन चुका तुमच्या ओरडण्याच्या आहेत. मागच्या बारा तासिकांत असं सात वेळा झालंय. एक चूक माझी, पुढची रांग तुमची. मास्तर, डावात आणि गाडीत तुमची खोड एकच आहे. एक गोष्ट बिघडली की पुढच्या चार तुम्ही बिघडवता."

सव्वीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी कॉफीचे पैसे ठेवले, बाड काखेत मारलं आणि निघालो. दाराशी बाईंचा आवाज आला, "मंगळवारची तासिका आहे ना?" मी दार ओढून घेतलं.

घरी दोन दिवस धुमसत होतो. रुमियानाला सगळं सांगितलं. तिनं ते लाल खुणांचं बाड चष्मा लावून चाळलं.

"बाई खोटं बोलल्या का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग राग कसला आला?"

"अगं, पण बोलायची काही पद्धत असते!"

"पद्धत?" रुमियाना हसायला लागली. "बोगोमिल, सव्वीस वर्षं मी चांगल्या पद्धतीनं सांगत आले. मधल्या काळात तुझे निम्मे विद्यार्थी त्या पलीकडच्या शाळेत गेले. माझ्याकडे लाल पेन्सिल नव्हती, एवढंच चुकलं माझं."

पलीकडच्या शाळेत विद्यार्थी का जातात, याला माझ्याकडे आजवर एकच उत्तर होतं: नशीब.

मंगळवारी मी बाईंच्या दारात दहा मिनिटं आधी उभा होतो. त्या खाली आल्या, गाडीत बसल्या, आरसा सारखा केला. मी म्हणालो, "करायचं काय ते सांगा."

"सोपं आहे. हरलात की दोन्ही हात मांडीखाली घ्या. पुढचे तीन डाव पानं बघायची नाहीत, टाकून द्यायची. तोवर रक्त खाली उतरतं."

"आणि गाडीत?"

"गाडीत पानं नाहीत. नुसते हात मांडीखाली आणि तोंड बंद. पाय मात्र ब्रेकवर असू द्या, मला अजून मरायचं नाही."

जूनमध्ये बाईंची परीक्षा झाली. परीक्षक मागच्या सीटवर, मी बाईंच्या शेजारी. नेमका स्टेशनमागचाच चढ आला, पुढे कचऱ्याची गाडी थांबलेली. बाईंनी गाडी थांबवली, निघायला गेल्या आणि गाडी बंद पडली. माझ्या घशाशी आलेला शब्द मी कसा गिळला, ते माझं मला ठाऊक. हात मांडीखाली इतके दाबून धरले होते, की बोटांना मुंग्या आल्या. बाईंनी एक श्वास घेतला. हँडब्रेक ओढला, चावी फिरवली, क्लच हळूहळू सोडत आणला, आणि गाडी मुकाट्यानं चढ चढून गेली. परीक्षकानं कागदावर काहीतरी लिहिलं. परत आल्यावर तो म्हणाला, "एकदा बंद पडली, पण सावरलीत छान. पास."

बाईंनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

माझी परीक्षा सप्टेंबरात, एका रविवारी आली. सहाशेच्या वर खेळाडू. साडेचारला माझी एक्क्यांची जोडी हरली. मी हात मांडीखाली घेतले, तीन डाव टाकले. रुमियाना टोमॅटोची पाटी घेऊन आली, माझी अवस्था बघून परत गेली. साडेसहा वाजता मी शेवटच्या नऊ जणांत होतो. आयुष्यात पहिल्यांदा. रुमियाना आता माझ्या पाठीशी खुर्ची ओढून बसली होती.

मला राणीची जोडी आली. मी बोली वाढवली, एकानं भरली. मधे राजा, नव्वी, चौकी उघडले. मी पुन्हा लावले, त्यानं पुन्हा भरले. पुढचं पान आलं दुर्री, आणि त्यानं सगळंच्या सगळं पुढे सारलं. तासाभरात या माणसानं एकदाही असं केलं नव्हतं. त्याच्याकडे राजा आहे, हे मला दिसत होतं. पण बघावंसं वाटत होतं! बोटं शिवशिवत होती. निर्णयाची वेळ संपत आली तेव्हा मी राण्या टाकून दिल्या.

"म्हणजे त्याच्याकडे काय होतं?" रुमियानानं विचारलं.

"माहीत नाही."

"आणि कळणार कधी?"

"कधीच नाही."

"आणि तरी तू असा गप्प बसलायस?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मी पाचवा आलो. शेवटचा डाव माझ्या चुकीनं गेला. चाळीस मिनिटं पानं टाकत बसलेल्या माणसानं अचानक सगळं लावलं, आणि मी एक्का-दश्शी घेऊन त्याला भरलं. त्याच्याकडे एक्का-राजा होते. संगणक बंद करायच्या आधी मी ते माझ्या वहीत लिहिलं; बाईंसारखी चुकांची वही आता मीही घातली होती. बक्षिसात गाडीचं एक टायरही आलं नसतं. पण त्या संध्याकाळी मी टोमॅटो चिरताना शीळ घालत होतो, असं रुमियाना अजून सगळ्यांना सांगते.

पुढच्या रविवारी पेन्काबाईंनी आम्हा दोघांना बहिणीकडे जेवायला नेलं. त्यांनी जुनी, छोटी, निळी गाडी घेतली होती. खोऱ्यातली वळणं त्यांनी सावकाश, नेटकी घेतली. दोनाबाई फाटकात काठी टेकून उभ्या होत्या. बहिणीला गाडी चालवत येताना बघून त्या दर वेळी रडतात, असं बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. तशा त्या रडल्या.

अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली जेवण झालं. भाजलेल्या लाल मिरच्या, पांढरं चीज, दोनाबाईंच्या हातचा गरम पाव. मी ग्लास उचलून उभा राहिलो. घरून चार वाक्यं जुळवून आणली होती.

"पेन्काबाई, या वर्षी माझ्याकडचा एकही विद्यार्थी शाळा सोडून गेला नाही. हे तुमच्यामुळे झालं. मी तुमचा फार फार…"

"फार एकदाच पुरे," बाई म्हणाल्या. "बसा, जेवण गार होतंय."

सगळे हसले. मी बसलो. पण माझे डोळे भरून आले होते, आणि टेबलाखाली रुमियानानं माझा हात धरला होता. मला वाटलं, आपल्या चुका कुणीतरी पानापानांनी, जीव लावून वाचाव्या, हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? माझ्या वाट्याला ते आलं, तेही पन्नाशी उलटल्यावर, एका नापास विद्यार्थिनीकडून.

निघताना अडचण झाली. फाटक अरुंद, एका बाजूला विहिरीचा कठडा, आणि गाडी उलटी काढायची. बाईंनी किल्ली माझ्यापुढे धरली. "हे मला नाही जमत अजून. तुम्ही काढा."

"तुम्हीच काढा," मी म्हणालो आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा गाडी तिरकी झाली. दुसऱ्यांदा कठड्याच्या वीतभर जवळ थांबली. दोनाबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मी नुसता हातानं खुणा करत राहिलो, डावीकडे, थोडं, अजून थोडं. तिसऱ्यांदा निळी गाडी सरळ रेषेत रस्त्यावर आली. बाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "चला, बसा. संध्याकाळ व्हायच्या आत शहर गाठायचंय."