सातचं टोकन

"उघडलें?" विनिताने विचारलं.

"गोल घुंवता मगे अजून," तारावयनी म्हणाली.

लाटंबार्से गावात चिरेखाणीच्या काठावरच जरा रेंज येते, म्हणून दोघी सकाळी तिथे उभ्या होत्या. ताराच्या कडेवर तीन वर्षांची रेश्मा, अंग तापलेलं. डिचोलीच्या मुलांच्या डॉक्टरांची पंचवीस टोकनं आजपासून वेबसाइटवर, ठीक सातला. वेबसाइट शेजारच्या विनिताने केलेली. कोर्सनंतरचं तिचं पहिलं काम; म्हापशाच्या ऑफिसात ती अजून पक्की नव्हती.

सात वाजून दोन मिनिटं. स्क्रीनवरचा गोल फिरतच होता. मग पान एकदम उमललं. ढगांतून पाळणा खाली आला, हलला, थांबला. त्याच्याखाली लिहिलेलं होतं: टोकनं संपली.

"पाळणो बरो हालता गे तुजो," तारा म्हणाली. "आदीं कंपाउंडराक फोन केल्यार नंबर मेळटालो. आतां बाजारातल्या वायफायवाल्यांक." आणि लेकीला घेऊन ती तशीच बसकडे निघाली. कुणी आलं नाही तर मध्ये घेतील, या आशेवर.

विनिताने ऑफिसातल्या प्रज्योत सरांना फोन लावला.

"ऑफिसात तर बोट लावताच उघडत होतं गो!"

"ऑफिसात, सर. हांगा दोन मिनटां लागलीं."

"पान बांधायला फ्रेमवर्क कसलं निवडलंस तू?"

"वेगाच्या तक्त्यात सगळ्यांत वर होतं ते. सेकंदाला लाख लोक झेलतं म्हणून."

"लाख? लाटंबार्शात लोक किती गो?"

तिला हसू आलं नाही. "सर्व्हर झेलतोच, सर. पण पान दिसायच्या आधी फोनाला सगळा पसारा उतरवून घ्यावा लागतो. मी हांगा एकदाही उघडून बघितलं नाही."

"डॉक्टर त्या पाळण्यावरच भुलले होते. आणि सोमवारी तुझ्या नोकरीचं ठरायचंय. काय सांगू त्यांना?"

"चूक माझी म्हणून सांगा. उद्या सातच्या आत साधं पान देते."

दुपारी स्वतःची तान्ही लेक झोपली तेवढ्यात विनिता कामाला बसली. नाव, वय, गाव, एक बटण. बाकी सगळं सर्व्हरकडे. फोनकडे नुसती अक्षरं. पाळण्यापाशी बोट अडलं. त्याचा एकेक झोका तिने लेकीला मांडीवर पाजता पाजता बसवला होता. पुसला.

चारला तारा परतली. "दोन वाजसर पायऱ्यांचेर बसलें. आज ना म्हणटात, फाल्यां टोकन घेवन यो." रेश्मा खांद्यावर मान टाकून होती. विनिताने ताराचा फोन मागून घेतला आणि खाणीवर गेली. नवं पान उघडायला तीन सेकंद. परत उघडलं. तीनच.

दुसऱ्या दिवशी सात वाजले आणि ताराचा अंगठा पडला.

"मेळ्ळो! चार नंबर!" मग तिने पान वरखाली सरकवून बघितलं. "हें कोणें केलें गे? हातूंत पाळणो ना, कितेंच ना."

"हांवेंच."

"कालचें दिसपाक सोबीत आशिल्लें," असं म्हणत तारा लेकीला सावरून उतरणीला लागलीसुद्धा.

विनिता तिथेच थांबली. तिच्या फोनवर गेलेल्या टोकनांची एकेक ओळ येत होती, नंबर आणि गाव. सहा, साळ. सात, मेणकुरे. आठ, लाटंबार्से. मध्येच सरांचं नाव उजळलं. तिने फोन वाजू दिला. नऊ, साळ.