कसाव्याच्या पाण्याची हंडी

मित्रांनो, माझ्या पोटावरचे पिवळे डाग बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी, रुंद तोंडाची मातीची हंडी आहे. ब्राझीलमध्ये, पाराइबाच्या कोरड्या माळावर माझा जन्म झाला. घडवणारीने तेव्हाच बजावलं होतं, "हिच्यात रांधायचं नाही हं!"

कारण माझं काम वेगळं. आमच्याकडे कसाव्याचे, म्हणजे ज्यांचा तुम्ही साबुदाणा करता ते, कंद किसतात, कीस पिळतात आणि त्याचं पीठ भाजतात. पिळून निघालेलं पिवळं पाणी विषारी. बाकीचे ते ओढ्यात ओतत आणि शेळ्या पिऊन मरत. माझी मालकीण दोना जेनेरोझा, म्हणजे जेनेरोझाबाई, मात्र ते माझ्यात धरायची, तेवढंच साधं पाणी घालायची आणि डहाळ्यांच्या जुडीने चवळीवर शिंपडायची. मावा पटापट गळायचा. शेजारणी म्हणत, "जेनेरोझाचं पाणी काय अन् जीभ काय, कीड वाचायची नाही!" काय दिवस होते ते! भाजत्या पिठाचा वास, बायकांची गाणी, आणि मधोमध मी.

मग गावात पिठाची गिरणी आली आणि कंद किसणं-पिळणं तिकडेच होऊ लागलं. मी परसात पालथी पडले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

एका वर्षी चवळीवर काळा मावा चढला. जेनेरोझाच्या आईपासून चालत आलेलं बी, सगळंच्या सगळं पेरलेलं. ते गेलं की वाणच संपला. सून नेइदेने मला घासलं, कंद किसून, पिळून पाणी भरलं आणि चांगलं तीन दिवस मुरवलं. शिंपडलं, तर मावा मजेत!

"अगं, मिरच्यांचं लोणचं का आहे हे, मुरवायला?" जेनेरोझा कडाडली. "तीन दिवसांत विष उडून जातं त्याचं. त्याच दिवशी शिंपडायचं असतं!"

"आई, हे मला कधी सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं की म्हणता, शहरातल्या पोरींना काय कळतंय!"

म्हातारी मग उठली, कसाव्याची शेवटची ओळ उपटून आणली आणि किसणी पुढे ओढली.

"बस इथे. शिकवते. आधी शेळ्या बांधून ये."

उन्हं कलताना माझ्यातलं ताजं पाणी चवळीवर पडलं. अर्धं शेत गेलंच. उरलेल्यातून बाटलीभर बी निघालं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मातीची आहे, फुटेन एक दिवस. पण हंडीत काय भरायचं आणि कधी ओतायचं, हे जाणणारी म्हातारी तुमच्या घरात असेल, तर तिला आजच विचारा. ती खेकसेल. तरी विचारा.