मुहूर्ताला उठणारी गाडी

योगीराज नाडगौडांना गाडी विकायची होती. ही गोष्ट त्यांची निम्म्या मल्लेश्वरमला सांगून झाली होती आणि निम्म्या मल्लेश्वरमचा त्यांना "असली गाडी विकू नका हो" असा सल्ला देऊन झाला होता. सल्ला देणाऱ्यांपैकी एकही जण कधी त्या गाडीखाली आडवा झालेला नव्हता.

गाडी फ्रेंच होती. सिट्रोएन डीएस, साठच्या दशकातली, पुढून देवमाशासारखी. पाँडिचेरीच्या एका दिवंगत डॉक्टरांच्या पत्नीकडून त्यांनी ती आणली, तेव्हा फाटकातून गाडी बाहेर पडताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढी ही माया, असं योगीराजांना वाटलं. ते आनंदाश्रू होते हे कळायला त्यांना एक तप लागलं.

या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. त्याऐवजी चाकांपाशी लोखंडी गोळे, त्यांत वायू आणि हिरवं तेल. इंजिन सुरू केलं की गाडी म्हशीसारखी आधी मागून उठायची, मग पुढून. इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसायची. चांगल्या स्थितीतली गाडी बसायला काही तास घेते म्हणतात. नाडगौडांची मात्र कॉफी निवायच्या आत बसायची. गोळ्यांतलं तेल कुठे जायचं हे अंगणातल्या फरशीला आणि त्यांच्या पत्नी महानंदाबाईंना ठाऊक होतं.

"तुमच्या एकाही बनियनचा मूळ रंग आता मला आठवत नाही," त्या म्हणायच्या.

योगीराजांनी गाडी सबंध खोलली होती, जोडली होती, उरलेले भाग कुठले ते शोधायला पुन्हा खोलली होती. फ्रान्सहून रबरी वायसर मागवले होते. पण अलीकडे गुडघ्यांनी दगा दिला. गाडीखाली शिरता यायचं. बाहेर यायला पाय धरून ओढणारं माणूस लागायचं आणि ते माणूस म्हणजे महानंदाबाई.

"गाडी उठते, मी उठत नाही," एकदा फरशीवर पडल्या पडल्या ते म्हणाले. त्याच दिवशी विकायचं ठरलं.

गिऱ्हाइकं पुष्कळ आली. जुन्या गाड्यांचे शौकीन रविवारी यायचे, बॉनेटवरून हात फिरवायचे, उसासा सोडायचे, दोन कप कॉफी प्यायचे आणि योगीराजांचं अभिनंदन करून निघून जायचे. अभिनंदनाने माणूस किती थकतो याचा अंदाज अभिनंदन करणाऱ्याला नसतो.

मग देवाप्पा आला. मूळचा चिकोडीचा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आनेकलला स्वतःचं कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय. त्याने गाडीचं कौतुक केलं नाही. तेवढ्यावरूनच योगीराजांना तो भला माणूस वाटला.

"चालती काय, अण्णा?"

"चालते तर!"

"चालायची गरज न्हाई खरं म्हणजे. मंटपाच्या दारात लावायची. नवरा-नवरी आत, फोटोवाला बाहेर. इंजिन तुम्हीच ठेवून घ्या."

योगीराजांनी बॉनेटवर हात ठेवला. जेवणाच्या टेबलावर तीनदा उघडलेलं इंजिन. घरातली माणसं त्या काळात मांडीवर ताटं घेऊन जेवली होती.

आतून महानंदाबाई ओरडल्या, "इंजिनासकट न्या हो, देवाप्पा! अर्धी सासरी आणि अर्धी माहेरी, असलं काही मला चालायचं नाही!"

"सरी, अक्का, सरी," देवाप्पाने मान डोलावली.

योगीराजांनी गाडी सुरू करून दाखवली. गाडी उठली. देवाप्पा पहिल्यांदा हसला. बंद करून सगळे कॉफीला बसले. देवाप्पाचा पेला अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात गाडीने एक निःश्वास सोडला.

"हे काय झालं ओ?"

"काही नाही, बसली."

"बसली?" देवाप्पाने पेला खाली ठेवला.

आता मराठीत हा शब्द बरा नाही. धंदा बसतो, आवाज बसतो, पावसात भिंत बसते. बसून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

"दारात गाडी, गाडीत नवरा-नवरी, आणि सगळ्या पाव्हण्यांसमोर बसली?" देवाप्पा म्हणाला. "मुलीची आई काय म्हणंल? संसारच बसला म्हणंल. पुन्हा माझ्या मंटपात कोण येतंय?"

"खाली विटा लावा की."

"विटांवर भंगारातली गाडी असती, अण्णा."

"मग इंजिन चालू ठेवा. चालू असेपर्यंत उभी राहते."

"ठेवतो. कसं चालू करायचं?"

या गाडीत किल्ली फिरवून भागत नाही. स्टिअरिंगमागचा गिअरचा दांडा एका विशिष्ट मायेने डावीकडे ढकलावा लागतो. देवाप्पाने ढकलला. गाडी खोकली. त्याच्या ड्रायव्हरने ढकलला. गाडी खोकलीसुद्धा नाही. योगीराजांनी ढकलला आणि ती लगेच उठली. इतकी लगेच ती आयुष्यात कधी उठली नव्हती.

दोघेही योगीराजांकडे बघू लागले.

"मुहूर्तापुरतं यायचं," देवाप्पा म्हणाला. "तासभर. जेवण पानावर. खरं एक सांगतो अण्णा, एकदा जरी लग्नात बसली, तर संध्याकाळी तुमच्या दारात आणून सोडतो."

रोज फरशीवर आडवं होण्यापेक्षा मुहूर्तापुरतं बसणं बरं, असा हिशेब योगीराजांनी केला आणि हात पुढे केला. गाडी ट्रकवर चढून गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कसलं, याची त्यांनी चौकशी केली नाही. संध्याकाळपर्यंत त्या जागेवर महानंदाबाईंच्या कुंड्या लागल्या होत्या.

"अहो, आता ती परत आली तर कुंड्या हलणार नाहीत हां," त्यांनी बजावलं. "तुम्ही हलाल."

गाडी विकणाऱ्याने कागदपत्रं बघावीत, पण त्याआधी पंचांग बघावं. योगीराजांनी बघितलं नव्हतं. त्या मोसमात लोकांनी सूड उगवल्यासारखी लग्नं केली. मल्लेश्वरमहून आनेकलला पोचेपर्यंत मेट्रो होते, बस होते, रिक्षा होते आणि माणूस संपतो. वर मुहूर्त सकाळचे; म्हणजे निघायचं दूधवाल्याच्याही आधी. गाडी होती तेव्हा निदान उशिरा उठायची सोय होती.

मोसमाच्या शेवटाला एक मोठं लग्न होतं. गाडी मोगऱ्याच्या माळांनी झाकलेली. नवरा-नवरी मागे बसली. इंजिनही आता थकलं होतं. एक्सिलरेटरवरून पाय काढला की आचके द्यायचं. योगीराज पाय दाबून पुढच्या सीटवर ताठ बसले होते.

"अण्णा, तुम्ही फ्रेममध्ये येताय," फोटोवाला म्हणाला. "स्वल्प खाली व्हा."

ते वाकले.

"अजून स्वल्प."

शेवटी योगीराज सीटवरून घसरून गुडघ्यांसकट स्टिअरिंगच्या खाली गेले आणि पायाऐवजी हाताने एक्सिलरेटर दाबून राहिले. बाहेर सनई वाजत होती, टपावर अक्षता पडत होत्या. खाली तेलाचा तोच जुना वास होता. गाडी छान उभी होती.

हाताला कळ लागली तेव्हा त्यांच्या मनात आलं, उचलावा. जास्त काही करायचं नव्हतं. इंजिन बंद पडेल, कॉफी निवेल इतक्या वेळात गाडी बसेल, देवाप्पा बोलेल ते बोलेल. पहाटेची मेट्रो टळेल. संध्याकाळी गाडी दारात येईल. मग कुंड्या. मग फरशी. मग पाय ओढणारं माणूस, तेही आता 'तुम्ही हलाल' म्हणून बसलेलं.

यातलं नेमकं काय आपल्याला नको आहे, हे त्यांना ठरवता येईना. तेवढी शक्तीच नव्हती.

मागून नवरी वाकली आणि हळूच कानडीत म्हणाली, "अज्जा, हात दुखतोय का तुमचा?"

"नाही ग बाई. तू समोर बघ, फोटो बिघडेल."

"अजून किती आहेत हो फोटो?" नवऱ्या मुलाने खिडकीतून विचारलं.

"मुलीकडचे झाले," फोटोवाला म्हणाला. "आता मुलाकडचे."

योगीराजांनी हात बदलला.