दुसऱ्या फळीवरचं सहावं पुस्तक

त्या दोन खोल्यांच्या शाळेत काचेचं एक कपाट होतं. नाकापेक्षा मोती जड हे ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याने हे कपाट पाहिलेलं असणार. छत गळकं, फळ्याला उभी चीर, आणि भिंतीशी हा सहा फुटी चकचकाट. आत दोनशे पुस्तकं, बाहेर कुलूप. किल्ली संस्थेच्या साहेबांच्या मोटारीच्या जुडग्यात, म्हणजे शहरात.

साहेब खेड्यांच्या विकासासाठी फार झटत. महिन्यातून एकदा यायचे, बुटांवरची धूळ झटकायचे, मुलं मोजायचे आणि अहवाल लिहायला निघून जायचे. मुलं मागून त्यांना 'अहवालसाहेब' म्हणत. बाई त्याबद्दल रागवायच्या आणि तोंड फिरवून हसून घ्यायच्या.

बाई म्हणजे तिथल्या एकुलत्या एक शिक्षिका. मुख्याध्यापक त्याच आणि घंटा बडवणाऱ्याही त्याच. तीन महिने त्यांनी एकच ध्यास घेतला होता: दुसऱ्या फळीवरचं सहावं पुस्तक. शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेची प्रवेश परीक्षा महिन्यावर आली होती, तिच्या सरावाचं ते पुस्तक दुकानांत संपलं होतं, आणि शिंप्याची लेक काचेला नाक लावून त्याचं नाव तेवढं वाचत होती. पोरगी तल्लख. यंदा परीक्षा हुकली तर वय उलटणार, मग जन्मभर आहेच बापाच्या मशीनशेजारी बसून काजं करणं.

"साहेब, एवढं एक पुस्तक द्या. मी सही करून घेते," बाई म्हणाल्या होत्या.

"अहो बाई, पाहुण्यांना पुस्तकं नवी दिसायला नकोत का? मुलांचे हात तुम्हाला माहीत आहेत."

पुस्तकं वाचली की खराब होतात, हा शोध लावणाऱ्याला शिक्षणाच्या कामावर नेमणाऱ्यांच्या अकलेला काय म्हणावं!

पाहुणे वर्षातून दोनदा येत, तेव्हा कपाट उघडे. तालीम बाईच घ्यायच्या. नाही घेतली तर संस्थेकडून येणाऱ्या वह्याही बंद, मग मुलं लिहिणार कशावर? "हात धुवा. पुस्तक मधोमध उघडा. बोट ओळीवर. हसा. फोटो झाला की मिटा, पुसा, जागच्या जागी ठेवा." पाढे चुकतील, पण हे कुणाचं चुकत नसे.

या खेपेला कपाट देणाऱ्या आजी स्वतः आल्या. साहेब त्यांच्या पुढे पुढे असे करत होते, की आजींना शाळा दिसेना. बाईंनी मनाचा हिय्या केला आणि शिंप्याच्या लेकीला हाताला धरून पुढे आणलं.

"आजी, ही आमची सगळ्यात हुशार मुलगी. हिला ते पुस्तक हवंय. दुसरी फळी, सहावं."

साहेबांनी डोळे वटारले. पण आजी विरघळल्या होत्या. त्यांनी आपल्या हाताने पुस्तक काढून पोरीला दिलं. "घे बाळा. तुझंच हे."

बाईंच्या जिवात जीव आला. दिलं बाई एकदाचं, असं त्या मनात म्हणताहेत तोच फोटोवाला पुढे सरसावला.

"इकडे बघ गं!"

पोरीने पुस्तक मधोमध उघडलं. बोट ओळीवर ठेवलं. हसली. फोटो निघाला. मग तिने पुस्तक मिटलं, फ्रॉकला दोन्ही बाजूंनी पुसलं, टाचा उंचावल्या आणि ते बरोबर सहाव्या जागी सरकवलं.

आजींनी डोळ्यांना रुमाल लावला. "पाहिलंत? हातात दिलेलंसुद्धा सगळ्यांसाठी परत ठेवलं! कुठून आली हो एवढी शिस्त?"

"आम्ही संस्कारांवर भर देतो," म्हणत साहेबांनी कुलूप लावलंसुद्धा.

"आजी, ही सवय मी लावली तिला," बाई कशाबशा म्हणाल्या.

"धन्य आहे तुमची!" आजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "पुढच्या वर्षी अजून एक कपाट देते."

खरं सांगायला आता तरी तोंड उघडायचं होतं. पण साहेब वह्यांचा गठ्ठा मोटारीतून उतरवून घेत होते, आणि बाई तो हातात घ्यायला पुढे झाल्या. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

मोटार गेली. शिंप्याच्या लेकीने बाईंचा पदर ओढला.

"बाई, एक डाग नाही पडू दिला मी. आता देतील ना ते पुस्तक?"