बाहेरची कडी

मी एक कडी. हातातली किंवा पायातली नव्हे, दाराची. लोखंडाची, दिसायला ओबडधोबड आणि आवाजाला कर्कश. नाशिकला भद्रकालीतल्या एका दुकानात मी खिळ्यांच्या शेजारी गंजत पडले होते. निवृत्तीचं लग्न ठरलं तेव्हा तो मला घरी घेऊन आला. नवी सून येणार, तिला साडी बदलायला आडोसा हवा, म्हणून आतल्या खोलीच्या दाराला त्याने मला आतून बसवलं. इतका विचार करणारा माणूस होता तो, हे आधीच सांगून ठेवते.

सून आली ती चांगुणा, सिन्नरकडची. बडबडी आणि कामाला चपळ. विहारात रविवारच्या वंदनेला तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा म्हणे. "ही कडी लय ओरडते," म्हणून ती मला खोबरेल लावायची. माझे इतके लाड दुसऱ्या कुणी केले नाहीत.

त्र्याऐंशी साली तिची झोप उडाली. कोणीतरी आपल्याला नावं ठेवतंय, असं तिला ऐकू यायला लागलं. भिंतीकडे बघून ती उत्तरं द्यायची. एक दिवस पेटता स्टोव्ह तसाच टाकून निघाली, ती सापडली नदीकाठी. घराच्या तोंडचं पाणी पळालं.

सासू भागीबाई म्हणाली, "हे बाहेरचं हाय. हरसूलकडं एक भगत हाय, त्याच्याकडं नेऊ."

निवृत्ती उसळला. "आपण ते सगळं सोडलंय, आई. भगताचं नाव काढू नको."

मला बरं वाटलं. आता हा तिला डॉक्टरकडे नेईल, असं वाटलं. पण त्याला भगत नको होता, तसं बायकोचं नाव वस्तीत व्हायलाही नको होतं. त्याने पेचकस घेतला, मला आतून काढलं आणि त्याच दाराला बाहेरून बसवलं. शेजारीपाजारी सांगितलं, "माहेरी गेलीय." मग तो अंबडला कारखान्यात कामाला जायचा आणि दिवसभर भागीबाई माझ्यासमोर बसून राहायची.

"आत्या, कडी काढा ना. मी कुठं जात नाय," चांगुणा आतून म्हणायची. भागीबाई पदराने डोळे पुसायची, जेवणाचं ताट आत सरकवायची आणि मला पुन्हा लावायची. चांगुणाच्या त्रासाला ती 'बाहेरचं' म्हणायची. त्या घरात बाहेरचं काही असेल, तर ती मी होते.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण माहेराला पाय असतात, हे निवृत्तीच्या ध्यानात आलं नाही. एका दुपारी चांगुणाची आई कुसाबाई एसटीने आली. हातात हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांची पिशवी. शेजारची झुंबरबाई तिच्यामागोमाग दारात आली.

"जय भीम, कुसाबाई. एकट्याच? चांगुणाला नाय आणलं?"

"तिलाच तर भेटाया आले."

"अवो, ती तुमच्याकडंच गेलीय ना?"

तेवढ्यात आतून आवाज आला, "आई?"

कुसाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने मला असं हिसडलं की माझा एक स्क्रू सैल झाला. लेकीला कवटाळून ती म्हणाली, "विहीणबाई, माझी लेक कोंडली व्हय?"

"काय करू मी? लोक काय म्हणतील?" भागीबाई रडायला लागली.

झुंबरबाई उंबऱ्यावर बसली. "लोक म्हंजी आम्हीच ना, भागीबाई? माझ्या भावाला असंच आवाज यायचे. सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू केल्या. आज तो कपडे शिवतोय. आजार हाय हा, बाहेरचं नाय."

निवृत्ती कामावरून आला तेव्हा घर विहारातल्या बायकांनी भरलं होतं. तो चौकटीला धरून रडला. कुणी त्याला टोचून बोललं नाही. झुंबरबाई एवढंच म्हणाली, "उद्या रजा टाक."

गोळ्या सुरू झाल्या. आधी चांगुणा नुसती पेंगायची, तिचे हात कापायचे. रोज कोणी ना कोणी येऊन बसायचं, डाळ निवडायचं, कधी काही न बोलता उठून जायचं. हळूहळू ती हसायला लागली. मग बरं वाटतंय म्हणून तिने गोळ्या सोडल्या आणि आवाज परत आले. घाबरून निवृत्तीचा हात माझ्यावर आला. त्याचा घाम मला लागला.

"कडीला हात लावू नको," झुंबरबाई दारातून ओरडली. "मला हाक मारायची."

त्याने हात काढला. पुढे खरंच त्याने तेच केलं. दुखणं डोकं वर काढू लागलं की तो आधी शेजारी हाक मारायचा.

गेल्या वर्षी चांगुणानेच पेचकस घेतला आणि मला माझ्या जुन्या भोकांत, आतून बसवलं. बाहेरची भोकं निवृत्ती बुजवायला निघाला, तर म्हणाली, "राहू द्या." आवाज अजून कधीमधी येतात. ती जेवणानंतर गोळी घेते.

मी पुन्हा गंजायला लागलेय. जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या आळीत कुणी फार दिवस 'माहेरी' गेलं असेल, तर त्या घरी एकदा जाऊन या.

आमच्याकडे आता निवृत्ती दार वाजवतो आणि थांबतो. चांगुणा आतून विचारते, "कोण?" आणि तिचं आवरलं की तीच मला काढते.