गवताखालचा थर

बाबांच्या आठवणीत क्लबने सामना ठेवला होता, आणि त्यासाठी लॉन बोलिंगचं, गवतावर जड चेंडू घरंगळवायच्या खेळाचं, मैदान असं हिरवंगार करून ठेवलं होतं की पाहताच धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चपला काढून तिनं आत पाऊल टाकलं. टाच रुतली. बाबा हे मैदान राखायचे तेव्हा इथं सोडलेला जड चेंडू टेबलावरून गेल्यासारखा घरंगळत जायचा. आता पायाखाली गादी होती. चाकूनं तिनं कडेचा एक चौकोन कापून उचलला. वर पाती, खाली माती, आणि मध्ये मेलेल्या मुळा-काड्यांचा अंगठ्याएवढा जाड तपकिरी थर. ओला, आंबूस वासाचा.

"याला काय खायला घातलंत?" तिनं मागून आलेल्या दादाला विचारलं.

"खत. शिवाय रोज पाणी," दादा म्हणाला. क्लबचा सेक्रेटरी झाल्यापासून तो कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर पडत नसे. "बाबा दवाखान्यात होते तेव्हा सगळे आळीपाळीनं येत होते. प्रेमापोटी केलंय, बरं का."

"बाबा गवताला अर्धपोटी ठेवायचे."

"म्हणून तर ते कायम आजारी दिसायचं."

"आणि हा थर खरवडून का नाही काढला?"

दादानं मनगटावरचं घड्याळ सारखं केलं. "आजारी पडायच्या आधी बाबा मागेच लागले होते. पण खरवडलं की मैदानाला टक्कल पडतं. स्पर्धा तोंडावर आलेली. मीच म्हटलं, यंदा राहू द्या."

"आता चेंडू मध्येच थांबतो ना?"

"थांबतो. मंडळी म्हणतात, शेवटी शेवटी बाबांना झेपत नव्हतं."

"मग तू काय म्हणालास?"

"गेलेल्या माणसावरून वाद कशाला घालायचा?"

धाकटी शेडमध्ये गेली आणि उभ्या पात्यांचं खरवडायचं यंत्र ढकलत बाहेर घेऊन आली. शाळेच्या सुट्ट्यांत ते तिनं बाबांबरोबर पुष्कळदा चालवलं होतं.

"अगं, उद्या सामना आहे. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिनं दोरी ओढली. यंत्र गुरगुरलं आणि हिरव्या मैदानावर मागे तपकिरी चर सोडत चाललं. काड्यांचे पुंजके दादाच्या पांढऱ्या पँटवर उडाले. तो धावत पुढे येऊन आडवा उभा राहिला. यंत्र त्याच्या बुटांपासून वीतभर अलीकडे थांबलं.

"लोकांना काय सांगू मी?"

"खरवडायला तूच नको म्हणाला होतास, ते सांग."

"कार्टे, सगळ्यांसमोर माझं नाक कापणार तू."

"बाबांचं कापलं गेलं तेव्हा तू तिथंच होतास. बाजूला हो."

त्यानं पँटवरच्या काड्या झटकल्या. मग बाजूला झाला आणि त्यानं फोन काढला. धाकटीनं यंत्र बंद केलं. तिला ऐकायचं होतं.

"हां, काका. उद्याचा सामना रद्द... नाही, तसं नाही. मैदान खरवडायचं राहिलं होतं." तो तिच्याकडे पाठ करून उभा होता. "बाबांनी सांगितलं होतं. मी करू दिलं नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो, मीच," दादा म्हणाला आणि पुढचा नंबर शोधू लागला.

धाकटीचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिनं पुन्हा दोरी ओढली.