डाव्या कानातलं ट्रम्पेट

तुमच्याही सोसायटीच्या फाटकावर अशी एखादी सूचना लागलेली असेल. आपण ती वाचतो, मान डोलावतो आणि दुधाची पिशवी घेऊन घरी जातो. गाझियाबादच्या संगम कुंजमध्ये तर ती प्लॅस्टिकमध्ये बंद करून लावली होती: ‘महिलांनी फिरताना कानांत इअरफोन घालू नयेत. आपली सुरक्षा आपल्या हाती.’ खाली सचिवांची सही होती, नरसिंह कदम, निवृत्त नायब सुभेदार.

रविवारी सकाळी ती सूचना कात्रीने मधोमध कापलेली सापडली आणि नरसिंहरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कोणाची ही हिंमत?” दोन्ही तुकडे नाचवत ते घरात शिरले. “लोकांच्या लेकीबाळींची काळजी करावी, तर त्याचं हे बक्षीस! बिल्कुल शिस्त नाही लोकांना.”

तानूबाई कणीक मळत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा परातीत मान घातली.

ही सूचना लागायचं कारण असं घडलं होतं. दहा दिवसांपूर्वी बी टॉवरमधल्या शिक्षिका सुकन्या सकाळी फिरत होत्या. मागून एक मोटरसायकल आली. चालवणाऱ्याने त्यांच्या पाठीत फाडकन हात मारला, एक घाणेरडा शब्द फेकला आणि तो हसत निघून गेला. बाई पडल्या, मनगट मोडलं. हे सारं कॅमेऱ्यात आलं. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नव्हता, पण नंबर लख्ख दिसत होता. ती गाडी सोसायटीचे अध्यक्ष विक्रांतजी यांच्या मुलाची होती.

“कदमजी, बच्चा है,” विक्रांतजी म्हणाले होते. “करिअर बर्बाद हो जाएगा. आपस की बात है.” सुकन्याबाईंना ‘काही स्पष्ट दिसत नाही’ असं कळवण्यात आलं. समितीने चहा घेतला, आणि काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून ही सूचना काढली. वाचकहो, मारणारा कोण ते ठाऊक होतं, आणि सूचना मात्र मार खाणारीला!

नरसिंहरावांना त्यात काही चुकलंय असं वाटलं नव्हतं. त्या रविवारी तर त्यांना दुसरीच घाई होती. त्यांची लेक इशिता पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटर चार मिनिटांत पळायचं होतं आणि चाचणी महिन्यावर आली होती. तिचा वेळ मात्र चार मिनिटं दहा सेकंदांच्या खाली उतरत नव्हता. ही तिची शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं.

पळताना तिने काय ऐकायचं, हे नरसिंहरावांनीच ठरवलं होतं; इअरफोनची सूचना आपल्या लेकीलाही लागू आहे, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. बावीस वर्षं ते लष्कराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होते. “गाणी नकोत,” त्यांनी फर्मावलं होतं. “शब्द आले की माणूस ऐकत बसतो, पाय विसरतो. नुसती वाद्यं हवीत.” आठवडाभर वही घेऊन त्यांनी सिनेमांचं पार्श्वसंगीत ऐकलं, ठोके मोजले आणि एका जुन्या युद्धपटाचा बरोबर चार मिनिटांचा तुकडा निवडला. आधी नगारे आणि चेलो, मग व्हायोलिन, आणि तिसरं मिनिट संपता संपता एकटं ट्रम्पेट उसळी घेऊन उठायचं. ते ऐकून मेलेलं माणूससुद्धा पळेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

सोसायटीभोवतीचा रस्ता चारशे मीटरचा होता. दोन फेऱ्या. इशिता पळाली. तीन मिनिटं होत आली, ती मागच्या फाटकाजवळ पोहोचली आणि नेहमीसारखीच तिथे ढिली पडली. चार मिनिटं अकरा सेकंद.

“तिथेच! रोज तिथेच!” नरसिंहराव ओरडले. “ट्रम्पेट उठतं आणि तू बसतेस! कानात बोळे घातलेत का?”

“कुठलं ट्रम्पेट, बाबा?” इशिता धापा टाकत म्हणाली. “यात ट्रम्पेट आहेच कुठे?”

त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. त्यांनी तिच्या इअरफोनची वायर हातात घेतली. उजवा कान भरलेला होता. डाव्या कानाचं बोंड गळ्यावर लोंबत होतं. जुन्या काळचं ध्वनिमुद्रण ते, वाद्यं दोन बाजूंना वाटलेली. नगारे उजवीकडे, ट्रम्पेट डावीकडे. पाच महिने ती अर्धंच संगीत ऐकत पळत होती, आणि गेलं होतं ते नेमकं बापाचं वाद्य.

“हे का काढून ठेवलंस?”

“डावा कान मागच्यासाठी ठेवते. कोणी आलं तर कळायला नको?”

“चल, दोन्ही घाल आणि पळ. मी उभा आहे इथे!”

घटकाभर बसून, पाणी पिऊन ती पुन्हा पळाली. या वेळी दोन्ही कान भरलेले होते, पण दर वीस पावलांना ती मान वळवून मागे पाहत होती. मागच्या फाटकाजवळ तर ती जवळजवळ थांबलीच. चार मिनिटं सोळा सेकंद.

“अगं, काय आहे तिथे?” नरसिंहरावांचा आवाज चढला. “सुकन्याबाईंचं झालं ते झालं. त्याचं तू काय घेऊन बसलीस?”

इशिताने कानांतून वायर ओढून काढली.  ती चिडली होती.

“सुकन्याताईंचं नाही, बाबा. माझं. मार्चमध्ये. तीच गाडी, तीच जागा, तसाच पाठीत हात.”

“मार्चमध्ये? आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगून काय झालं असतं? तुम्ही मला पळायला बंदी केली असती. आणि तुमच्या नोटिसमध्ये अजून एक ओळ घातली असती!”

 त्या मोटरसायकलचा नंबर नरसिंहरावांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी तो पाहिला होता. पाहून सही केली होती.

घरी आल्यावर तानूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि चहाशेजारी स्वयंपाकघरातली कात्री.

“मी कापली ती सूचना,” त्या म्हणाल्या. “मला आज नाही, परवाच सांगितलं पोरीने. तुम्हाला सांगू नको म्हणाली. बापाला सांगायची चोरी वाटावी, हे वाईट की सूचना कापली ते वाईट?”

“तानू, मी सगळ्यांच्या भल्यासाठीच...”

“कोणाच्या भल्यासाठी हो? गाडी कोणाची, ते तुम्हीच घरी येऊन सांगितलंत ना? बायकांनी कान उघडे ठेवावेत, मान वळवावी, उजेडात जावं, लवकर यावं. सगळं बायकांनीच! त्या गाडीवाल्यासाठी एक ओळ लिहिलीत? तुमच्या समितीत एकाला तरी वाटलं का, की त्याच्या बापाचे कान उपटावेत? दहा दिवसांपूर्वी तुम्ही खरं बोलला असतात, तर आज आपली पोर दोन्ही कानांनी पळाली असती.”

नरसिंहराव ताडकन उठले. राग आता कोणावर होता, ते त्यांना नेमकं कळलं होतं. शरम वाटत होती, आणि शरमेपेक्षा जास्त चीड. चहा तसाच राहिला.

ते आधी सुकन्याबाईंकडे गेले. प्लॅस्टरमधला हात पाहून त्यांनी खाली मान घातली. “ताई, नंबर दिसत होता. मी खोटं बोललो. तुमची तक्रार द्यायची तयारी असेल, तर साक्ष माझी.”  “दहा दिवस मला वाटत होतं, माझंच काही चुकलं,” सुकन्याबाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या. इशिताही पोलीस ठाण्यात यायला निघाली.

फाटकाशी विक्रांतजी आडवे आले. “कदमजी, सोच लीजिए. बच्चे की ज़िंदगी का सवाल है.”

“मेरी भी बच्ची है!” नरसिंहराव इतक्या जोरात ओरडले की पहारेकरी खुर्चीतून उठला. “उसकी ज़िंदगी का सवाल किसने पूछा?”

दोघींच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, चित्रफीत पोलिसांकडे गेली, गाडी जप्त झाली. नरसिंहरावांचं सचिवपद गेलं. जाण्याआधी त्यांनी फाटकावर शेवटची सूचना लावली: ‘या रस्त्यावर कोणी महिलेला त्रास दिला, तर तो कोणाचा मुलगा आहे हे न पाहता तक्रार होईल.’ ती कोणीतरी दोनदा फाडली. दोन्ही वेळा तानूबाईंनी नवी लावली.

इशिताला पहिले काही दिवस मान वळवायची सवय सुटत नव्हती. मग वीस पावलांची चाळीस झाली, चाळीसाची एक फेरी.

वाचकहो, आपण मुलींना सावध राहायला शिकवतो आणि आपलं काम झालं असं समजतो. ते काम झालेलं नसतं. कान आपण उघडे ठेवायचे आहेत, आणि आपल्याच घरातून, आपल्याच ओळखीतून जे ऐकू येतं त्यावर बोलायचं आहे.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात इशिता पळत होती. तिसरं मिनिट संपत आलं, मागचं फाटक आलं, आणि ती बाणासारखी सुटली. नरसिंहरावांनी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं बावन्न!

“इशू! झालं! थांब!” त्यांनी हाक मारली.

एका हाकेत ओ दिली नाही, तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस. पण लेकीने वळूनही पाहिलं नाही, दोन्ही कान भरून ती पुढे पळतच राहिली. आपली हाक तिला ऐकू गेली नाही, म्हणून नरसिंहरावांचे डोळे आनंदाने भरून आले.